चवीची वाटी

१

आमच्या घरात माझ्या नाकाची दहशत होती. दूध नासायच्या आधी मला कळायचं. फ्रिज उघडला की आतल्या कुठल्या डब्याचे दिवस भरलेत ते मी उभ्या उभ्या सांगायचे. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताईला विमानतळावर नोकरी मिळेल, फक्त गळ्यात पट्टा घालावा लागेल." आई मात्र कौतुकानं बघायची. स्वयंपाक झाला की चमचाभर माझ्या तळहातावर घालायची आणि वाट बघत उभी राहायची. मी मान डोलावली की मगच पानं वाढली जायची. तो मान मला फार आवडायचा.

पुढे हेच शिकले आणि पोटही ह्याच्यावरच भरते. एका मोठ्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये स्वच्छता बघायचं माझं काम. किचन तळघरात आहे. खिडक्या नाहीत, दिवसभर ट्यूबलाइट आणि पंख्यांची घरघर. कच्च्या मांसाची सुरी भाजीला लागली नाही ना, नखं कापली आहेत ना, टोपीतून केस बाहेर आले नाहीत ना, हे बघत मी फिरते. लोक मला समोर मॅडम म्हणतात आणि मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण माझा सगळ्यात कडक नियम चवीच्या चमच्याचा. तोंडाला लावलेला चमचा पुन्हा भांड्यात जाता कामा नये. एक चमचा, एक घास, आणि तो चमचा थेट धुवायला. ह्यात मी कोणाची गय करत नाही.

ह्या वर्षी तर मी जास्तच तिखट झाले होते, कारण आई वरच्या मजल्यावर दाखल होती. रक्ताचा आजार. औषधांनी तिच्या अंगातली सगळी प्रतिकारशक्ती धुऊन काढली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाहेरचं काही नको. तुमच्याच किचनचं द्या, तेही गरम. तुम्हाला मी काय सांगणार, एक घास खराब गेला तर आपल्या हातात काही राहणार नाही."

मला सांगायची खरंच गरज नव्हती. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. आणि त्याच आठवड्यात कोल्ड रूम तपासताना मला सगळ्यात खालच्या फळीवर, मागे कोपऱ्यात, एक स्टीलची वाटी दिसली. झाकण नाही, चिठ्ठी नाही. आत चमचा. वाटी आतून स्वच्छ चाटून पुसलेली होती.

२

"ही कोणाची?" मी वाटी हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं. कोणी ताकास तूर लागू देईना. भांडी घासणाऱ्या मावशी नळ सोडून खाली मान घालून बसल्या. शेवटी मामा पुढे आले.

मामा म्हणजे आमचे मुख्य आचारी. सगळं हॉस्पिटल त्यांना मामाच म्हणतं. त्यांच्या हातचं जेवण जेवून आजवर एकाही पेशंटचं पोट बिघडलं नव्हतं, आणि ही गोष्ट मोठे साहेब पाहुण्यांना हमखास सांगायचे.

"माझी आहे, मॅडम. चवीची वाटी," मामा म्हणाले.

"चव घ्यायची तर भट्टीजवळ घ्या. कोल्ड रूममध्ये कोण चव घेतं?"

ते वळून शेगडीशी गेले. तिथे दूध तापत होतं. ते नासत आलं होतं. पाच पावलांवरून मला वास आला, आणि मामा मात्र त्यात शांतपणे पळी फिरवत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग इतके दिवस डोळ्यांसमोर असून न दिसलेली गोष्ट मला दिसली. मी ह्या माणसाला कधीच काही चाखताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांना माझ्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"मामा, तुम्हाला वास येत नाही."

"नाही."

"आणि चव?"

"तीही नाही. बरीच वर्षं झाली."

माझी आई वर ह्या माणसाच्या हातचं जेवत होती. "मग तुम्हाला कळतं कसं?" माझा आवाज चढला होता.

"जेवण तयार झालं की त्यातलं थोडं वाटीत घालून आत ठेवतो. दार लावतो. थोड्या वेळानं उघडतो. वाटी रिकामी झाली असेल तर जेवण वर जातं. तशीच भरलेली असेल तर सगळं ओतून देतो." त्यांनी हे बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

"आणि ती रिकामी कोण करतं?"

मामांनी खांदे उडवले. "आजवर तिनं फसवलं नाही, एवढं मला ठाऊक आहे."

ते 'तिनं' मी ऐकलं. पण मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात एकच शब्द वाजत होता, उंदीर. कोल्ड रूममध्ये उंदीर, आणि वर आई.

३

माझी सगळी अक्कल मी त्या कोल्ड रूमवर पाजळली. फळ्या बाहेर काढल्या, कोपरे धुतले, भिंती ठोकून पाहिल्या. कुठे भोक नाही, लेंडी नाही. जमिनीवर मैदा पसरून ठेवला. त्यावर उंदराचं सोडा, झुरळाचंही पाऊल उमटलं नाही. तरी मला पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मी स्वतः वाटीत भाजीचं सूप घातलं, स्वच्छ चमचा ठेवला, वाटी मामांच्या जागेवर नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन दार लावलं. आत कोणी नव्हतं. कोण असणार? बटाट्यांच्या गोणी, दुधाचे क्रेट आणि थंडी.

दाराला एक छोटी गोल काच आहे. ती धुक्यानं भरलेली असते. मी कान दाराला लावला. यंत्राची घरघर ऐकू येत होती. मागे किचनमध्ये कोणीतरी हसलं, झाकण पडलं. मग मला आतून वाटीच्या तळाला चमचा घासल्याचा आवाज आला. शेवटचा थेंब गोळा करताना येतो तसा, सावकाश, गोल.

मी दार उघडलं. वाटी रिकामी होती. मैदा जसाच्या तसा. मी चमचा उचलला आणि माझ्या हातून तो पडलाच, कारण त्या गारठ्यात जिथे दुधाच्या पिशव्या बर्फासारख्या गार होत्या तिथे तो चमचा कोमट होता. नुकताच तोंडातून काढल्यासारखा.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. सूप गरम होतं, चमचा तापला असेल. यंत्राच्या हादऱ्यानं फळी थरथरते, आवाज होतो. सूप गेलं कुठे, ह्याचं उत्तर मी स्वतःला दिलं नाही. मी उसनं अवसान आणून बाहेर आले आणि वाटी सगळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"आजपासून हे थेर बंद. आपल्याकडे थर्मामीटर आहे, नियम आहेत, आणि माझी जीभ आहे. चव मी घेईन."

मामा शांतपणे म्हणाले, "मॅडम, ती उपाशी राहील."

मावशींनी नळ बंद केला. मला त्या शांततेचा भयंकर राग आला.

४

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मी प्रत्येक पदार्थ चाखत होते, वेगळ्या चमच्यानं, मनासारखा होईपर्यंत. मीठ कमी, आणखी शिजवा, हे काढून टाका. खरं सांगायचं तर मजा येत होती.

मग वरून फोन यायला लागले. जेवण गार येतंय. माझा विश्वास बसेना. ट्रॉली निघताना मी स्वतः थर्मामीटर घालत होते, हात पोळेल इतकं गरम जेवण कुलूप लावून लिफ्टनं जात होतं. वर पोचेपर्यंत कितीसं गार होणार? पण वॉर्डातल्या सिस्टर ठाम होत्या.

"आणि मॅडम, दुसरं सांगू का? रागावू नका. ताटं उष्टी येतायत."

"म्हणजे?"

"प्रत्येक सूपमध्ये चमचा बुडवलेला असतो. भाताच्या मुदीतून एक घास काढलेला असतो. सगळ्या ताटांत, अगदी तसाच. तुमच्याकडे कोणाला खायला मिळत नाही का?"

लाजेनं माझे कान तापले. मी ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला फैलावर घेतलं. तो बिचारा रडकुंडीला आला. किल्ल्या फक्त माझ्याकडे आणि सिस्टरकडे होत्या, ह्याची त्यानंच मला आठवण करून दिली.

त्या दिवशी आईला भेटायला गेले. तिच्या खोलीत जायच्या आधी एक लहान खोली लागते. तिथे हात धुवायचे, गाऊन चढवायचा, मास्क लावायचा आणि मग आतलं दार. आई उशीला टेकून बसली होती. केस गेलेले, पण डोळे तेच, मिश्कील.

"जेवलीस का गं?" तिनं उलट मलाच विचारलं.

"तू जेवलीस का ते सांग. गार येतं म्हणे जेवण."

"ती आली की वाफ जाते," आई म्हणाली. "पण बरी आहे हो तुमच्याकडची बाई. काही बोलत नाही. ताट आलं की येते, एक घास घेते, मान डोलावते आणि जाते. तू लहानपणी करायचीस ना, तशी. मला तर हसू येतं."

मी पाण्याचा ग्लास उचलला होता, तो तसाच परत ठेवला. "कसा घास घेते, आई? कुठल्या चमच्यानं?"

"माझ्याच. दुसरा कुठून आणेल?"

मला भीती कशाची वाटली ते सांगते. ती बाई कोण, कुठून आली, हे माझ्या मनात नंतर आलं. आधी मला एवढंच दिसलं की कोणाच्या तरी तोंडातला चमचा रोज माझ्या आईच्या तोंडात जातोय. जिला साधं पडसं झालं तरी आम्ही तिला गमावून बसू, तिच्या तोंडात. उद्या मी ह्या खोलीत तिच्या आधी येऊन बसणार होते.

५

नेमका दुसऱ्या दिवशी लिफ्टनं घोळ घातला. ट्रॉली आधी गेली आणि मी मागे अडकले. शेवटी जिना चढून, धापा टाकत मी वॉर्डात पोचले. सिस्टर ताटं ठेवून पुढे गेल्या होत्या. मी हात धुवायच्या खोलीत शिरले आणि आतल्या दाराच्या काचेतून मला आईचा पलंग दिसला.

पलंगाशी कोणीतरी वाकलं होतं.

मला पाठ दिसली. आमच्याच किचनचा एप्रन, पण किती तरी धुण्यांनी विरलेला. डोक्याला कापडी टोपी, मागे नाड्यांनी बांधलेली. आता तशी कोणी वापरत नाही. चेहरा पलीकडे होता. मला फक्त एका गालाची कड दिसत होती, आणि तो गाल हलत होता. घाई नाही. मन लावून, चवीनं. मी अशीच चव घेते. आईच्या ताटावरची वाफ थांबलेली होती.

मी दाराकडे झेपावले आणि थांबले. माझे हात मळलेले होते. जिन्याचा कठडा धरून आले होते, अंगावर गाऊन नव्हता. अशी मी आत गेले असते तर मीच आईला मारलं असतं. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण मी नळ सोडला. साबण लावला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. डोळे काचेवर ठेवून मी हात धुतले, आणि काचेपलीकडे तो गाल हलायचा थांबला.

मग त्या टोपीनं नकार दिला. डावीकडे, उजवीकडे, एकदाच. चमचा ताटात ठेवल्याचा आवाज मला काचेतूनही आला.

गाऊनच्या बाह्यांमध्ये माझे हात अडकले. मास्क ओढून मी दार ढकललं तेव्हा आत आई एकटी होती. तिनं सूपचा चमचा भरला होता.

"आई, थांब!"

"आज काय बिनसलंय कोण जाणे," आई म्हणाली. "नको म्हणाली. तिनं गिळलंसुद्धा नाही. पण मला भूक लागलीय गं."

सूप मी खाली चाखलं होतं. उत्तम होतं. थर्मामीटर लावला होता, उकळतं होतं. आता एका बाजूला माझी जीभ आणि माझे नियम होते, आणि दुसऱ्या बाजूला त्या टोपीचा नकार. मी आईच्या हातातून चमचा काढून घेतला. आणि मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मास्क खाली सरकवून तो घास मी माझ्याच तोंडात घातला.

उत्तम होतं. मीठ बेताचं, मिरपूड, थोडं लोणी. कुठेही काही वावगं नाही. ती चव मला अजून आठवते.

"सिस्टर!" मी ओरडले. "सगळं सूप मागे घ्या! एकालाही देऊ नका!"

६

माझं हसं झालं नाही. सूपच्या नमुन्याचा निकाल प्रयोगशाळेतून आला तेव्हा मोठे साहेब स्वतः खाली आले. सूपसाठी आदल्या रात्री केलेला रस्सा एका खोल पातेल्यात निवायला ठेवला होता. पातेलं खोल असलं की मध्यभाग तासन् तास कोमट राहतो, आणि त्यात जे वाढतं त्याचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. वासाला कळत नाही, चवीलाही नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय जीभ आहे तुमची!" आई वाचली होती. मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले.

सूप चाखलं त्याच संध्याकाळी माझं पोट बिघडलं होतं, ते होणारच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटलं. चहा केला. घोट घेतला आणि वाटलं, साखर विसरले. साखर घातली. मग वाटलं, चहाची पूड विसरले. कप नाकाशी धरला. वाफ लागत होती, बाकी काही नाही. मी लिंबू कापून चोखलं. मीठ जिभेवर ठेवलं, रेतीसारखं लागलं. मिरची चावली, तोंडाची आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती मिरचीची चव नव्हती. नुसतं भाजणं होतं.

डॉक्टर म्हणाले, एखादा व्हायरस असेल, येईल हळूहळू. मीही तसंच म्हटलं असतं. मी खाली किचनमध्ये गेले. मामा कांदे चिरत होते. इतका कांदा, आणि मला काही नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"चमचा कोणता होता, मॅडम?"

मी बटाट्याच्या गोणीवर बसले.

"माझ्यावेळी वाटी नव्हती, कढई होती," मामा म्हणाले. "कोणीतरी उष्टी केली होती. म्हटलं, बघू तरी काय बिघडलंय. जेवणाऱ्याला ती काही करत नाही, तिचा नकार ताडून बघणाऱ्याची मात्र चव घेते." "लोकांचं पोट बिघडलं नाही, एवढं मात्र खरं."

मावशी उठल्या. त्यांनी भांड्यांच्या मागून ती वाटी काढली. मी टाकलेली. त्यांनी ती त्याच दिवशी उचलून, घासून ठेवली होती. त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि परत नळाशी जाऊन बसल्या.

त्या दुपारी वाटी मीच आत ठेवली. आईचं ताट वर जायचं होतं. मी दुसरं काय करणार होते?

७

आई घरी आली. भावानं दाराला फुलं लावली होती, ती मी काढायला लावली. फुलांतही जंतू असतात. डॉक्टरांनी बजावलं होतं, अजून काही महिने जपायचं. ताजं, गरम, घरचं. म्हणजे माझ्या हातचं.

पहिल्या दिवशी मी भात केला आणि कोंबडीचं सूप. कोंबडी ताजी आहे, दुकानदार म्हणाला होता. मी ती नाकाशी धरली. धरून उभी राहिले. पूर्वी मला दुकानात शिरायच्या आधी कळलं असतं. सूप उकळलं, थर्मामीटर लावला, आकडा बरोबर होता. आकडा त्या दिवशीही बरोबरच होता.

आई आतून म्हणाली, "वास तर मस्त सुटलाय गं!"

मी भांड्याकडे बघत राहिले. तिच्या जिभेवर भरवसा ठेवायचा म्हणजे पहिला घास तिला द्यायचा. तेच तर करायचं नव्हतं. भाऊ कामावर गेला होता. घरात आम्ही दोघीच होतो.

मी पिशवी उघडली. वाटी मी हॉस्पिटलातून आणली होती. कशाला आणली, असं मला त्या क्षणापर्यंत कोणी विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. तिच्यात दोन पळ्या सूप घातलं, चमचा ठेवला. फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला, वाटी आत सरकवली आणि दार लावलं. आतला दिवा विझला असणार.

मग मी हात धुतले. बेचक्या, नखं, मनगटं.

आपल्या घरचा फ्रिज लहान असतो. त्यात कोणी मावत नाही. हे मी पुटपुटत स्वतःला सांगत होते आणि दाराला कान लावून देवाला हात जोडत होते. काय मागत होते, तेही सांगते. आत कोणी नसू दे, असं मी मागितलं नाही. कोणीतरी असू दे, असं मागितलं.

बराच वेळ मोटारीची घरघर ऐकू आली. मग ती बंद पडली आणि त्या शांततेत आतून चमचा वाटीला लागला. एकदा. सावकाश, गोल.

"झालं का गं?" आईनं हाक मारली. "कोणाशी बोलतेयस?"

"कोणाशी नाही," मी म्हटलं. "थांब जरा. चव बघतेय."